मोटारीत गाणे कसे आले



इतिहासाच्या अध्यापकाने मोटारीच्या वायरींवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. म्हणून आधी माझी फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एक जुनी चारचाकी घेतली. गाडी बरी होती, पण तिच्यात टेप नव्हता. आपल्याकडे गाडीतल्या गाणे वाजवणाऱ्या पेटीला आजही टेपच म्हणतात, मग आत कॅसेट असो की नसो. दुकानदार म्हणाला, "बसवायचे पैसे वेगळे पडतील, सर." मी मनात म्हटले, एम. ए. झालेल्या माणसाला चार तारा जोडता येऊ नयेत? पेटी घरी आणली, रविवारी डॅशबोर्ड उघडला आणि बॅटरीवरून सरळ एक वायर आत ओढली. गाणे लागले. घरातली मुले नाचू लागली. मीही छाती पुढे काढून उभा राहिलो. दहा मिनिटांनी रबर जळाल्याचा वास आला आणि डॅशबोर्डखालून धूर निघू लागला.

त्या वेळी माझे मामा घरी आले होते म्हणून निभावले. मामांनी तीस वर्षे साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्या चालवल्या, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी एक शब्द न बोलता बॉनेट उघडले आणि पान्याने बॅटरीचे टोक काढून टाकले. धूर थांबला. मग त्यांनी ती वायर बोटांनी चाचपत चाचपत शेवटपर्यंत नेली. पत्र्याच्या भोकातून ती आत घेतली होती, तिथे पत्र्याच्या धारेने तिच्यावरचे आवरण कापले गेले होते.

"फ्यूज कुठाय?" मामांनी विचारले.

"कसला फ्यूज, मामा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "एवढी पुस्तकं वाचलीस बाबा, पण ही एक तार कुठून निघते न् कुठं जाते, ते नाही वाचलंस."

हे वाक्य माझ्या मनाला लागले. ती पेटी मी पुन्हा हातात घेतली. तिच्या मागच्या बाजूला पिवळी, लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा रंगांच्या वायरींचा झुबका होता. शिलालेखातले प्रत्येक अक्षर कोणीतरी काही कारणाने कोरलेले असते. तशी ह्यातली प्रत्येक वायरही कोणाच्या तरी अडचणीतून आलेली असणार. ती अडचण कोणती, ह्याचा शोध मी घेऊ लागलो. आज त्या शोधाची हकीकत सांगतो, आणि शेवटी टेप कसा बसवावा तेही सांगतो.

आता जरा दूर, अमेरिकेला जाऊ या. १९२० नंतरच्या दोनतीन वर्षांत तिकडे रेडिओ केंद्रे भराभर निघाली आणि लोकांना रेडिओचे वेड लागले. त्याच काळात मोटारीही घरोघर येऊ लागल्या. दोन वेडे एका घरात आल्यावर त्यांची सोयरीक होणारच! १९२२ साली शिकागो शहरात लेन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचे एक रेडिओ मंडळ होते. त्या मंडळाचा प्रमुख जॉर्ज फ्रॉस्ट हा अठरा वर्षांचा मुलगा. त्याने आपल्या फोर्ड मोटारीच्या दारावर रेडिओ बसवला. मोटारीत रेडिओ बसवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांत ह्या पोराचे नाव घेतात. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे. ह्या इतिहासाच्या आरंभी शाळेचा एक मुलगा आहे. कोणताही कारखाना तेव्हा ही सोय करून देत नव्हता. ज्याला हवी त्याने आपल्या हाताने करावी, असा तो काळ होता.

पण हौस वेगळी आणि रोजचा उपयोग वेगळा. त्या काळच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्हची तार तापवायला थोडे व्होल्ट पुरत, तेवढे मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी देई. परंतु व्हॉल्व्हमधून काम करून घ्यायला शंभर-दीडशे व्होल्टचा दाब लागे. तो आणायचा कुठून? त्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांची वेगळी रास मोटारीच्या तळाशी ठेवावी लागे, आणि ती संपली की पुन्हा नवी घ्यावी लागे. शिवाय खाचखळग्यांच्या रस्त्यावर काचेचे व्हॉल्व्ह टिकणे कठीण.

आणि सर्वांत मोठी अडचण तिसरीच होती. मोटारीचे इंजिन ठिणगीवर चालते. स्पार्क प्लगमध्ये दर मिनिटाला हजारो ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओच्या दृष्टीने एक लहानशी वीज. पावसाळ्यात वीज चमकली की आपल्या रेडिओत जशी कडकड होते, तशी कडकड मोटार सुरू असेपर्यंत अखंड चाले. मोटार उभी केली तर गाणे ऐकू येई, चालू केली तर नुसती खरखर. मग असला रेडिओ काय कामाचा?

ह्या अडचणींतून वाट काढणाऱ्यांत पॉल गॅल्व्हिन ह्यांचे नाव मोठे आहे. त्यांनी आणि त्यांचे भाऊ जोसेफ ह्यांनी सप्टेंबर १९२८ मध्ये शिकागोत एक छोटा कारखाना काढला. भांडवल ५६५ डॉलर आणि कामगार पाच. घरातला बॅटरीवरचा रेडिओ विजेवर चालवण्याचे एक साधन ते बनवत. परंतु सरळ विजेवर चालणारे रेडिओच बाजारात आले आणि त्यांच्या मालाला गिऱ्हाईक उरेना. त्यातच १९२९ च्या अखेरीस अमेरिकेतला शेअरबाजार कोसळला. नवे काही केल्याशिवाय तरणोपाय नव्हता, म्हणून गॅल्व्हिन मोटारीच्या रेडिओकडे वळले. त्यांच्याबरोबर एल्मर वेव्हरिंग आणि विल्यम लिअर हे तरुण होते. ह्यांतले लिअर पुढे पुन्हा भेटणार आहेत, तेव्हा नाव लक्षात असू द्या.

त्यांनी खरखर कशी थांबवली? ठिणगी बंद करता येत नाही, कारण ती बंद तर इंजिन बंद. म्हणून त्यांनी आणि त्या काळच्या इतर कारागिरांनी तिचा उपद्रव कमी केला. प्लगच्या वायरींत विजेला अडवणारे रोधक घातले, डायनॅमोवर कंडेन्सर बसवला, रेडिओची पेटी पत्र्याने बंद केली. गोठ्यातले गुरू हंबरायचे थांबत नाही, पण दार लावले की घरातले बोलणे ऐकू येते, तसा हा प्रकार.

जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे रेडिओ बनवणाऱ्यांचे संमेलन होते. गॅल्व्हिन ह्यांच्याकडे तिथे मांडव घालायला पैसा नव्हता. त्यांनी आपल्या स्टुडबेकर मोटारीत रेडिओ बसवला, सुमारे ८०० मैल ती हाकत नेली, संमेलनाच्या बाहेर उभी केली आणि आवाज मोठा केला. येणारेजाणारे थबकले, मागण्या आल्या. त्या रेडिओला नाव दिले 'मोटोरोला'. 'मोटार' हा शब्द आणि त्या काळच्या वाजवण्याच्या यंत्रांच्या नावांत असणारे 'ओला' हे शेपूट, असा तो जोडशब्द. पुढे तेच कारखान्याचे नाव झाले. किंमत ११० डॉलरपासून पुढे. त्या वेळी फोर्डची नवी मोटार ५०० डॉलरच्या आसपास मिळे. म्हणजे बैलाच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्याला नुसती घुंगुरमाळ!

ती बसवणे तर त्याहून कठीण. डॅशबोर्ड उतरवायचा, तळाची फळी कापून बॅटऱ्यांना जागा करायची, छताचे कापड उसवून त्यात एरियल पसरायची. दोन माणसांचे काही दिवस त्यात जात. आणि चूक झाली तर? अशी एक गोष्ट सांगतात की, कर्ज मिळावे म्हणून गॅल्व्हिन ह्यांनी एका बँकवाल्याच्या किमती मोटारीत रेडिओ बसवून दिला, आणि अर्ध्या तासात त्या मोटारीनेच पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळाले नाही. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला माझ्या डॅशबोर्डखालचा धूर आठवला. एवढ्या मोठ्या माणसाचीही तीच गत झाली म्हणून बरे वाटले, हे खोटे कशाला सांगू?

आता एरियलची गोष्ट. त्या काळी मोटारीचे छप्पर मधोमध कापडाचे असे, म्हणून एरियल त्यात लपत असे. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत सबंध पोलादी छपराच्या मोटारी निघाल्या. पोलाद रेडिओच्या लहरी आत येऊ देत नाही, म्हणून एरियलला बाहेर यावे लागले. काही दिवस ती पाय ठेवण्याच्या फळीखाली बसवून पाहिली. पण तिथे चिखल, पाणी आणि दगड. शेवटी ती काठीसारखी वर उभी राहिली. आपल्या जीपगाड्यांवर वाऱ्याने हलणारी जी सळई आपण पाहिली, ती अशी पोलादी छपरामुळे जन्माला आली. पेटीमागची एरियलची जाड तार त्या गोष्टीची साक्ष देते.

कोरड्या बॅटऱ्यांची रास कशी गेली, हेही ऐकण्यासारखे आहे. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'व्हायब्रेटर' नावाचे साधन आले. त्यात पोलादाची एक पातळ जीभ सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरे आणि बॅटरीचा सरळ प्रवाह तोडत-जोडत राही. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडला की सहा व्होल्टचे दोनशे व्होल्ट करता येत. त्या जिभेचा बारीक गुंजारव रेडिओ लावल्यावर ऐकू येई. १९३२ साली जर्मनीत ब्लाऊपुंक्ट कारखान्यानेही मोटारीचा रेडिओ विक्रीस आणला. रस्त्यावर गाणे ऐकावे ही इच्छा एका देशापुरती राहिली नव्हती.

लगेच विरोधही झाला. गाणे ऐकताना चालकाचे लक्ष उडेल, तो पेंगेल, अपघात होतील, असे म्हणून अमेरिकेतल्या काही राज्यांत मोटारीतल्या रेडिओवर बंदी घालावी अशी सूचना पुढे आली. पाठीराखे म्हणत की, एकट्याने रात्रीचा प्रवास करणाऱ्याला रेडिओ जागे ठेवतो. मला वाटते दोन्ही पक्षांत तथ्य होते. आजही आहे, त्याकडे शेवटी येईन.

पुढचा मोठा फरक ट्रान्झिस्टरने केला. त्याचा शोध अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये लागला. एप्रिल १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को ह्या कंपन्यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटारीचा रेडिओ जाहीर केला. किंमत १५० डॉलर. ट्रान्झिस्टरला मोठा दाब नको, तापायला वेळ नको, धक्क्याने तो फुटत नाही. मोटारीची बॅटरीही त्याच सुमारास सहा व्होल्टची बारा व्होल्टची झाली. व्हायब्रेटरची जीभ कायमची गप्प बसली.

परंतु ट्रान्झिस्टरचा एक हट्ट असतो. त्याला अधिक-उणे उलटे चालत नाही. तारा उलट्या लागल्या की तो क्षणात जातो. त्यात अडचण अशी की, ब्रिटिश बनावटीच्या अनेक जुन्या मोटारींत बॅटरीचे अधिक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आज बहुतेक सर्वत्र उणे टोक जोडतात. त्यामुळे जुन्या गाडीत नवा रेडिओ बसवताना किती जणांनी हात पोळून घेतले असतील, ते ज्याचे त्याला ठाऊक! म्हणून काळी वायर ही साधी समजू नये. ती सांगाड्याकडे, म्हणजे उणे टोकाकडे जाते.

आतापर्यंत मोटारीत जे ऐकू येई ते केंद्रावरून येणारे. आपल्याला हवे ते गाणे, हवे तेव्हा लावता यावे, ही इच्छा आता जागी झाली. १९५६ च्या मोटारींत क्रायस्लरने चक्क तबकडी वाजवण्याचे यंत्र बसवून पाहिले. ते फार दिवस टिकले नाही. मग १९६२ च्या सुमारास अर्ल मुंट्झ ह्या कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्याने मोटारीसाठी टेपची पेटी आणली. आणि १९६४ मध्ये आपले मघाचे विल्यम लिअर पुन्हा रंगमंचावर आले. मधल्या काळात ते विमाने बनवू लागले होते. त्यांनी आठ पट्ट्यांची टेप काढली आणि १९६६ सालच्या मोटारींसाठी फोर्डने ती पसंत केली. ह्या टेपला आरंभ-शेवट नव्हता. ती गोल फिरत राही, पण उलटी गुंडाळता येत नसे. एक गाणे हुकले की फेरा पूर्ण होईपर्यंत थांबा.

तिला हरवले ते तळहातावर मावणाऱ्या कॅसेटने. फिलिप्स कंपनीत लू ओटेन्स ह्यांच्या हाताखाली ती तयार झाली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. फिलिप्सने इतर कारखान्यांनाही तोच नमुना बनवू दिला. त्यामुळे जगात कुठेही घेतलेली कॅसेट कोणत्याही यंत्रात चालू लागली. आणि तीत घरच्या घरी भरताही येत असे. भारतात १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि ज्या गाण्यांना मोठ्या शहरांच्या तबकड्यांत जागा मिळत नसे, त्यांना वाट फुटली. भजने, भीमगीते, लोकगीते, तमाशातली वगनाट्ये एस.टी. स्टँडवरच्या दुकानांत ओळीने लागली. ट्रकच्या केबिनमध्ये आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर टेप आला. उसाच्या हंगामात रात्री दोन वाजता गाडीतळावर नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला त्या टेपने किती सोबत केली, हे मामांच्या तोंडून मी ऐकले आहे. त्याआधी रेडिओ बाळगायचा तर पोस्टात लायसन्सची फी भरावी लागे. ती पद्धतही १९८० नंतरच्या दशकात गेली.

हे सारे टेप आपल्याकडे बसवले कोणी? पुष्कळ गाड्या कारखान्यातून रिकाम्या खाचेनिशी येत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावच्या वायरमनपर्यंत हजारो हातांनी हे काम केले. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत.

त्या रिकाम्या खाचेलाही इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या गाडीची खाच वेगळ्या मापाची. एका गाडीची पेटी दुसऱ्या गाडीत बसेना. जर्मनीने ह्या खाचेचे माप ठरवून दिले, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच; पुढे ते जगाने मान्य केले. दुकानात 'सिंगल डिन' म्हणतात ते हेच. 'डिन' हे जर्मनीच्या प्रमाण-संस्थेचे नाव. 'डबल डिन' म्हणजे उंची दुप्पट. वायरींच्या रंगांचाही असाच संकेत पडून गेला. माप आणि संकेत एक झाले म्हणूनच माझ्यासारख्या अडाण्याला घरी टेप बसवण्याची हिंमत झाली. दोन माणसांचे काही दिवसांचे काम एका दुपारचे झाले, ते ह्यामुळे.

आता तो झुबका उलगडू या. काळी वायर सांगाड्याला, हे झाले. लाल वायर किल्लीमागून येणाऱ्या प्रवाहाला. किल्ली काढली की पेटी बंद व्हावी म्हणून. पिवळी वायर नेहमीच्या, म्हणजे किल्ली काढल्यावरही चालू राहणाऱ्या प्रवाहाला. पिवळी कशाला? जुन्या रेडिओत केंद्राची बटणे यांत्रिक होती, त्यांना काही लक्षात ठेवायला वीज लागत नव्हती. पेटीत इलेक्ट्रॉनिक स्मरण आले तेव्हा ते जागे ठेवायला ही वायर आली. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, करडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची, जांभळी मागच्या उजव्याची. जोडीत जिच्यावर काळी रेघ ती उणे. निळी एरियल किंवा ॲम्प्लिफायर चालू करण्यासाठी असते. ती तुमच्याकडे नसेल तर टोक टेपने बंद करून ठेवावे. तरीही रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नये. पेटीबरोबर येणारा कागद वाचावा, आणि गाडीच्या बाजूच्या वायरी साध्या मीटरने तपासाव्यात, कारण गाडीचे रंग वेगळे असू शकतात.

काम करताना क्रम असा ठेवावा. प्रथम बॅटरीचे उणे टोक काढावे. मग वायरी जोडाव्यात. प्रत्येक सांधा पक्का पिळून, शक्य तर सोल्डर करून, टेपने झाकावा. काळी वायर रंग खरवडून काढलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट आवळावी. तिथे ढिलाई राहिली तर १९३० सालची खरखर पुन्हा ऐकू येईल. स्पीकरचे उणे टोक मात्र पत्र्याला लावू नये. आजच्या पेट्यांत ते चालत नाही, पेटी जळते. पत्र्यातून वायर न्यायची तर भोकात रबराची कडी बसवावी. बॅटरीवरून वेगळी वायर ओढली तर बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज घालावा, पेटीच्या कागदावर सांगितला असेल तेवढ्याच अँपिअरचा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा घालणे म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्यालाच हाकलणे. मोठ्या ट्रकांत चोवीस व्होल्ट असतात; तिथे बारा व्होल्टची पेटी सरळ जोडू नये. आणि आजच्या नव्या गाडीत स्टिअरिंगमध्ये किंवा डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते. तिच्या वायरींना हात लावू नये. ते काम जाणकाराकडे द्यावे.

फ्यूजचे एवढे का सांगतो? बॅटरी दिसायला शांत असते. परंतु तिची दोन टोके चुकून भिडली तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो आणि साधी वायर क्षणात लाल होते. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेला दुबळा दुवा. तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. माझ्या गाडीत तो नव्हता, त्याच्या जागी मामा होते.

आता आजचे थोडे. गेल्या काही वर्षांत गाण्याची पेटी आणि गाडी एकजीव होऊ लागली आहेत. पडद्यावरच थंड हवेची बटणे, पडद्यावरच मागचा कॅमेरा. ती खाच राहिली नाही, मग बदलणार काय? आणखी एक गंमत पाहा. विजेवर चालणाऱ्या मोटारींत ठिणगी नाही, म्हणजे रेडिओ स्वच्छ ऐकू यायला हवा. पण मोटर चालवणारी त्यांची यंत्रणा प्रवाह इतक्या वेगाने तोडते-जोडते की मीडियम वेव्हवर पुन्हा खरखर उठते. काही कंपन्यांनी ह्या मोटारींतून मीडियम वेव्हच काढून टाकली. अमेरिकेत फोर्डने २०२३ साली आपल्या बहुतेक नव्या गाड्यांतून ती काढण्याचे ठरवले होते. संकटाच्या वेळी सूचना ऐकायला लोकांना हीच लहर लागते, अशी ओरड झाली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने तो बेत मागे घेतला. गॅल्व्हिन ह्यांच्याकडे ५६५ डॉलर होते, तरी त्यांनी खरखर दाबण्याचा खटाटोप केला. आजच्या धनाढ्यांना तो नकोसा वाटतो. शेतातून घरी परतताना बाजारभाव आणि हवामान ऐकणाऱ्याने ह्याकडे दुर्लक्ष करू नये.

आणि आवाजाचे? १९३० नंतरचा वाद मी मघा सांगितला. माझे मत असे की, गाणे असावे, पण मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल इतकेच. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठ्या आवाजात गाणी लावून निघालेल्या तरुणाला मागून कोण येतो हे कळत नाही. त्याला सोबत हवी, हे मला कळते. पण घरी त्याचीही वाट पाहणारे कोणी असते.

शिक्षकबंधूंना एक विनंती करून संपवतो. शाळेत एखादी जुनी पेटी, बारा व्होल्टची बॅटरी, एक स्पीकर आणि एक फ्यूज आणा. मुलांना एकेक वायर ओळखायला लावा आणि ती का आली ते विचारा. विज्ञानाच्या तासाला प्रवाह कळेल आणि इतिहासाच्या तासाला माणूस कळेल. मुलांपैकी एखादा लेन हायस्कूलच्या त्या पोरासारखा निघाला, तर फार उत्तम. नाही निघाला, तरी आपल्या वस्तूच्या आत काय आहे हे पाहण्याची त्याची भीती जाईल. ती माझी फार उशिरा गेली.

पुढच्या रविवारी मी मामांच्या देखत टेप पुन्हा बसवला. फ्यूज आधी घातला. मामांनी सगळी वायर शेवटपर्यंत चाचपून पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "आता लाव. पण हळू."